चहा खाटेवर येतो तोवर: एका वृद्धाश्रमातलं पावलांचं गणित

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या मधल्या खारपाणपट्ट्यात, गावापासून जरा बाजूला एक वृद्धाश्रम आहे. तिसेक खाटा. पुरुषांचा एक हॉल, बायकांचा एक, आणि ज्यांना उठवतच नाही त्यांच्यासाठी स्वयंपाकघराला लागून एक खोली. समोर लांब व्हरांडा, त्यापुढे काळ्या मातीचं अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक आणि फाटकाजवळ कडुनिंबाचा ओटा. राहणारे बहुतेक आसपासच्या गावांतले. कोणी वावरात हयात घालवलेलं, कोणी दुसऱ्याच्या वावरात. दोन-तीन निवृत्त मास्तरही आहेत. संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे घेत नाही. मी फिजिओथेरपीच्या कामानं तिथे जाते, तेवढाच माझा संबंध.

संस्थेच्या सचिवांची तक्रार एका वाक्यात होती: “आले तेव्हा चालत आले होते.” म्हणजे फाटकातून स्वतःच्या पायांनी, बॅग हातात घेऊन आलेला माणूस वर्ष-दीड वर्षात खाटेवरून उठताना हात मागायला लागतो, मग धरल्याशिवाय संडासला जाता येत नाही, आणि मग एक दिवस त्याची खाट आतल्या खोलीत हलते. आजार म्हणावा तर नवा काही नसतो. बीपी, साखर, गुडघे, सगळं येतानाच होतं.

हे का होतं ते शरीराच्या अंगानं ठाऊक आहे. 2007 मध्ये अमेरिकेत ठणठणीत ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं सरासरी एक किलोच्या आसपास वजन घटलं. ही घट चरबीची नव्हती, मुख्यतः स्नायूंची होती. तीही निरोगी माणसांची आणि दहाच दिवसांत. इथे तर वर्षानुवर्षं बसणं चाललेलं.

उपाय बाहेरून चालत आला. गावचाच, पण पुण्यात नोकरीला असलेला एक मुलगा गुढीपाडव्याला आला तो मनगटात घालायचे पंधरा बँड आणि एक स्मार्टफोन घेऊन. हेतू चांगला होता. प्रत्येकाची पावलं मोजली जातील, फोनमध्ये दिसतील, रोज दहा हजारांचं लक्ष्य. बँड हातात बांधून घेताना एका आजींनी विचारलं, “कायले मोजता बाप्पा माह्ये पाय?” त्या वेळी सगळे हसले. प्रश्न मात्र चोख होता, आणि पुढचे सात-आठ महिने आम्ही त्याचंच उत्तर शोधत होतो.

आधी दहा हजारांचं सांगून टाकते, कारण हा आकडा खेड्यापाड्यातल्या फोनमध्येही जाऊन बसला आहे. तो कुठल्या डॉक्टरांच्या संशोधनातून निघालेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, 1965 मध्ये, जपानमधल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पाऊलमापक बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं ठेवलं. आकडा गोल होता, लोकांच्या तोंडी बसला. खरे अभ्यास नंतर झाले. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांवर केलेला अभ्यास 2019 मध्ये आला. त्यांचं सरासरी वय 72 होतं. रोज 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 च्या आसपास चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. 2022 मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साठीपुढच्यांसाठी हा फायदा सहा ते आठ हजारांदरम्यान सपाट होत असल्याचं आढळलं. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. जो मुळातच धडधाकट तो जास्त चालतो, हेही त्यात मिसळलेलं आहेच. पण आपल्या कामापुरती गोष्ट स्पष्ट आहे: जो दिवसाला हजार चालतो त्याला दोन हजारांवर आणणं हेच मोठं काम, दहा हजार त्याच्या नजरेसमोर धरणं म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी नापास करणं.

तसंच झालं. आठवड्याभरात अर्धे बँड उशीखाली गेले. “मले का आता शर्यतीत धावाचं हाय?” असं एका आबाजींनी सरळ सांगून टाकलं. उरलेल्यांचे आकडे पाहिले तर त्यात वेगळीच गंमत. सगळ्यात वर नाव होतं भजनी मंडळातल्या आबाजींचं. संध्याकाळी प्रार्थनेनंतर तास-दीड तास ते ओट्यावर मांडी घालून खंजेरी वाजवतात, जागचे हलत नाहीत. आणि तळाला, जवळजवळ शून्यावर, एक आजी. त्या वॉकर धरून का होईना, दिवसातून चार-पाच वेळा व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत करतात. त्यांनी शून्य पाहिलं आणि बँड काढून काउंटरवर ठेवला. “दिवसभर चालतो आम्ही, अन् हे म्हनते बसून होती!”

यात बँड बिघडला नव्हता. मनगटातलं यंत्र पाऊल पाहत नाही, ते हाताचा झोका पाहतं आणि त्यावरून पाऊल ताडतं. खंजेरीवर ठेका पडला की त्याच्या लेखी तो माणूस चालतो आहे. वॉकरवर दोन्ही हात घट्ट धरले की हात झुलत नाहीत, म्हणून तो माणूस बसलेला. शिवाय म्हाताऱ्या माणसाची चाल संथ, पाय थोडा घासत टाकलेला. त्यामुळे जमिनीवर पाऊल पडताना बसणारा हिसका इतका हलका असतो की कमरेला लावलेली साधी यंत्रंही तो कित्येकदा धरत नाहीत. तरुण, वेगात चालणाऱ्या माणसांसाठी बनलेलं यंत्र नेमकं त्याच माणसाला खोटं पाडतं ज्याच्यासाठी एकेक पाऊल कष्टाचं आहे. ज्यांना असे बँड वाटायचे असतील त्यांनी आधी एक करावं: माणसाला मोजून पन्नास पावलं चालवावं आणि यंत्र किती दाखवतं ते पाहावं. वीस मिनिटांत सगळ्यांचं होतं.

दुसरी अडचण फोनची होती. त्या अ‍ॅपला एका वेळी एकच बँड जोडता येई. पंधरा बँडांसाठी कोणीतरी रोज जोडणी तोडत-जोडत बसायचं, त्यात वीज गेली की चार्जिंग राहिलं. मावशींना, म्हणजे तिथल्या मदतनीस बायांना, हे काम देणं म्हणजे त्यांच्या जिवावर उठणं. एक मावशी दहा-बारा जणांचं अंघोळ-पाणी पाहते.

पावसाळा लागता लागता आम्ही बँड बाजूला ठेवले आणि बटन सेलवर चालणारी, चिमट्यानं अडकवायची साधी पाऊलमापकं घेतली. त्यांना फोन लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, आकडा यंत्रावरच दिसतो. आता ती अडकवायची कुठे? आबाजींचं सोपं होतं, धोतराच्या कमरेला किंवा पायजम्याच्या नाडीशी. आजींच्या लुगड्याला कमरेत खोचलं तर ओचा आवरताना निघून पडे, बटव्यात ठेवलं तर बटवा उशाशी राही. शेवटी एका मावशीनंच जुन्या मोज्याचा वरचा पट्टा कापून घोट्यावर बसेल अशी पिशवी शिवली. घोट्यावर यंत्र चांगलं चालतं, संथ पाऊलही धरतं, वॉकरवाल्यांचंही धरतं. फक्त एकाच पायाची हालचाल मोजली जाते, म्हणून आलेला आकडा दुप्पट करायचा. वॉकरवाल्या आजींचा पहिला खरा आकडा वहीत चढला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचून घेतला.

वही हा या सगळ्यातला महत्त्वाचा भाग, आणि ती चाळीस रुपयांची आहे. दिवसाच्या शेवटी एक आकडा घेण्याऐवजी आम्ही चार वेळा घ्यायचं ठरवलं: सकाळच्या चहाला, दुपारच्या जेवणाला, चारच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणाला. त्यामुळे किती चालले एवढंच कळत नव्हतं, कधी चालले तेही कळत होतं. आकडे मी इथे देत नाही. माणसं मोजकी, यंत्रं स्वस्तातली, प्रत्येकाची चाल वेगळी. अशा ठिकाणी एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ नसतो, त्याच माणसाचा आजचा आकडा त्याच्याच कालच्या शेजारी ठेवायचा असतो.

आठवडाभरात पानावर जे उमटलं ते पाहायला चष्मा लागत नव्हता. सकाळच्या रकान्यात बऱ्यापैकी आकडे, कारण संडास, अंघोळ, देवपूजा, प्रार्थना. दुपारच्या जेवणापासून रात्रीच्या जेवणापर्यंत जवळजवळ काहीच नाही. आठ तासांत माणूस जेमतेम खाटेवरून उठून परत बसलेला.

मग आला पोळा. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, दोन्ही दिवस मावशी आपापल्या गावी. घरात बैल असोत नसोत, या दोन दिवसांत विदर्भात कोणी कामावर थांबत नाही. स्वयंपाकीणबाई तेवढ्या होत्या. त्यांनी चहाचं पातेलं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि हाक मारली. ज्यांना चालता येत होतं ते आले, कपात घेतला, दोन-तीन जणांनी आतल्या खोलीतल्यांसाठीही नेला. त्या दोन दिवसांचे दुपारचे रकाने महिन्यातले सगळ्यात मोठे निघाले. ना बँड, ना लक्ष्य, ना माझे व्यायाम.

सचिवांनी वही बघितली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आम्हीच यांना बसवून ठेवलं.”

बसवून ठेवण्यात प्रेम होतं हे खरं. चहा खाटेवर, जेवण खाटेवर, प्रत्येकाच्या उशाशी पाण्याचा तांब्या, आणि उठायला लागलं की “बसा आबाजी, मी देते ना”. पण त्यात निव्वळ प्रेमच नव्हतं. मावशींच्या बाजूनं पाहिलं तर तीस जणांना चहा वाटत फिरणं दहा मिनिटांचं काम आहे. तेच तीस जण कप घेऊन व्हरांड्यातून फिरायला लागले की सांडलवंड, फरशी निसरडी, आणि कोणी पडलं तर पहिला शब्द मावशीला. सचिवांनीच मला सांगितलं: “पडले तर पोरं गाडी करून येतात जाब विचारायला. बसून बसून पाय गेले तर कोणी विचारत नाही.” मला वाटतं, आपल्याकडच्या बहुतेक वृद्धाश्रमांची ही खरी अडचण आहे, आणि ती कुठल्या अ‍ॅपनं सुटणारी नाही. जिथे न पडणं हीच चांगल्या सेवेची खूण मानली जाते, तिथे माणसाला बसवून ठेवणं हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग उरतो.

म्हणून चहा खाटेवरून दूर नेण्याआधी पडण्याचा विषय काढला. प्रत्येकाची एक सोपी चाचणी घेतली: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, घड्याळ लावून. बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका अधिक धरायचा. निम्म्याहून जास्त जण बाराच्या वर निघाले. त्यांना चालण्यातून वगळायचं नाही, पण एकटंही सोडायचं नाही, असं ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात वयस्कांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांच्या हालचालीबरोबर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायामही सांगितला आहे. पावलांच्या नादात लोक हा भाग गाळतात. आम्ही तो प्रार्थनेला जोडला: प्रार्थना संपली की खिडकीचा गज धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, एका पायावर थोडं थांबणं. आणि सचिवांनी नातेवाइकांना एक कागद पाठवला. त्यात सरळ लिहिलं होतं की तुमचे वडील किंवा आई आता इथे जास्त चालतील, त्यात पडण्याचा थोडा धोका आहे, न चालण्यात त्याहून मोठा आहे, आणि आम्ही काय काळजी घेणार आहोत ते हे. बहुतेकांनी सही करून पाठवला. एका मुलानं नकार दिला. त्याच्या आईचा चहा आजही खाटेवर जातो, आणि तसा तो जावा हे आम्ही मान्य केलं आहे.

दिवाळीनंतर बदल झाले. चारचा चहा व्हरांड्याच्या दूरच्या टोकाला टेबलावर. तिथवर जाताना मध्ये दोन ठिकाणी बाकडी, कारण दम लागला तर टेकायला जागा नसेल या भीतीनंच पुष्कळ जण निघत नाहीत. भिंतीला धरायला पाइप. उशाचे तांबे रात्रीपुरते, दिवसा माठ हॉलबाहेर. पेपर फाटकाजवळच्या ओट्यावर. आणि अंगणातून ओट्यापर्यंत मुरूम टाकून वर फरशीची वाट. या भागातली काळी माती ज्यांना माहीत आहे त्यांना या वाटेचं मोल सांगावं लागणार नाही. पावसात ती चपलेला अशी चिकटते की तरण्या माणसाचा पाय उचलत नाही, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि काठीचं टोक त्यात अडकतं. सगळ्या खर्चात वाट सगळ्यात महाग पडली. बँडांच्या पैशात ती झाली असती का, हा हिशेब मी केला नाही, पण देणगीदारांनी करावा.

तंत्रज्ञानाचा खरा उपयोग झाला तो अगदी वेगळ्या दारानं. आश्रमात मोबाइलला रेंज नाही. फाटकाजवळ, कडुनिंबाखाली, दोन काड्या येतात. पूर्वी कोणाचा फोन आला की चौकीदार मुलांना सांगे, “नंतर करा,” किंवा निरोप घेई. त्या पुण्याच्या मुलानं दिलेला स्मार्टफोन आता ओट्यावर असतो. संध्याकाळी साडेपाच ते सात ही व्हिडिओ कॉलची वेळ आहे, घरोघर तशी कळवलेली. ज्याचा फोन यायचा तो पाच वाजल्यापासूनच केस विंचरून, टोपी घालून वाटेला लागतो. ज्यांचा येत नाही तेही जातात, कारण दुसऱ्याचा नातू बघायला मिळतो. वहीतला रात्रीच्या जेवणाआधीचा रकाना इथून भरायला लागला.

यावर वादही झाला. एका विश्वस्तांनी आत वाय-फाय बसवून द्यायची तयारी दाखवली, म्हणजे खाटेवरूनच बोलता येईल. मी विरोधात होते, पण आतल्या खोलीतल्या पाच-सहा जणांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चालता येत नाही म्हणून नातवाचं तोंड दिसू नये, असं कोण म्हणणार? शेवटी वाय-फाय आलं ते त्या एका खोलीपुरतं. बाकीच्यांचे फोन ओट्यावरच. एक-दोघांना ही सक्ती वाटते आणि ते तसं बोलूनही दाखवतात.

स्पर्धा आम्ही लावून पाहिली आणि बंद केली. फळ्यावर नावं आणि आकडे लिहिले तेव्हा पुरुषांच्या हॉलमध्ये चुरस लागली, आणि एका मास्तरांचं यंत्र चौकीदाराच्या नातवाच्या पायाला बांधलेलं सापडलं. पोरगं शाळेत जाऊन, खेळून आलं होतं. मास्तर अव्वल. हसण्यावारी गेलं, पण फळ्याच्या तळाला ज्यांची नावं होती त्या दोन आजी त्या आठवड्यात नेहमीपेक्षाही कमी चालल्या. सगळ्यांची पावलं मिळून शेगावपर्यंत पोचायचं, भिंतीवर नकाशा काढून रोज खूण पुढे सरकवायची, अशीही एक कल्पना होती. बायकांना ती आवडली. ज्या आबाजींनी गजानन महाराजांच्या दर्शनाला खरोखर पायी वाऱ्या केल्या होत्या त्यांना पटली नाही: “घरबसल्या शेगाव? असे भेटत असते का महाराज?” नकाशा काही दिवस चालला आणि मग रंग उडेपर्यंत भिंतीवर राहिला.

आकडे कोणी पाहायचे, हाही प्रश्न आला. नागपूरच्या एका मुलानं वडिलांची रोजची पावलं त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली. वडिलांना विचारलं तर म्हणाले, “मी कुठी जातो न् किती जातो, थे त्याले कायले पायजे?” तेव्हापासून नियम झाला: वही हॉलमध्येच राहते, ज्याचा आकडा त्याला सांगायचा, बाहेर त्याच्या होकाराशिवाय जात नाही.

फेब्रुवारीत खुर्चीची चाचणी परत घेतली. बाराच्या वरचे काही जण आत आले, काही होते तिथेच राहिले, आणि दोघांचे सेकंद वाढले. त्यातल्या एकांना हिवाळ्यात न्यूमोनिया झाला होता. मधल्या काळात पडण्याचे प्रसंगही घडले. हाड मोडलं नाही, यात वाटेचा आणि पाइपाचा वाटा असेल आणि नशिबाचाही. अशा एका घरावरून ‘हे उपाय चालतात’ असं मी कुठे लिहून देणार नाही. एवढं सांगू शकते की दुपारचा रकाना पूर्वीसारखा कोरा राहत नाही.

उन्हाळ्याचं गणित अजून बसलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, फरशीची वाट संध्याकाळी सहालाही तापलेली असते. बीपीसाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला त्या उन्हात चारला चहासाठी चालायला लावणं धोक्याचं. साखर असलेल्यांच्या तळव्यांना चटका बसलेलाही कळत नाही, म्हणून त्यांचे पाय रात्री मावशी बॅटरी लावून पाहतात. यंदा चहा त्या दोन महिन्यांपुरता हॉलच्या दारापर्यंत आणायचा आणि फिरणं पहाटे साडेपाचला, प्रार्थनेआधी ठेवायचं ठरलं आहे. व्हिडिओ कॉलची वेळ साडेसातच्या पुढे न्यायची, तर ओट्यावर दिवा हवा. त्याचा अर्ज विश्वस्तांकडे आहे.

पाऊलमापकं आता रोज कोणी लावत नाही. तीन महिन्यांतून एक आठवडा ती निघतात, सेल बदलले जातात, वहीत चार रकाने आखले जातात. नवीन मावशी कामावर आली की तिला ती पोळ्याची पानं दाखवतात.